आठशे मीटरचे पाय आणि एकवीस किलोमीटरची शर्यत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बावीस वर्षांच्या मुलीने विचारलं आहे. दोन वर्षं पोलीस भरतीसाठी ८०० मीटरची तयारी केली, वेळ ३ मिनिटे ५ सेकंद. दहा किलोमीटर एकदा ६२ मिनिटांत धावली, मागच्या रविवारी १६ किलोमीटर १ तास ४८ मिनिटांत. तीन आठवड्यांनी, जानेवारीत, नागपूरला पहिली हाफ मॅरेथॉन आहे. ती लिहिते: "ताई, दोन तासांत होईल का? ग्राउंडवरची पोरं म्हणतात पहिले पाच किलोमीटर जोरात काढून घे, वेळ हातात राहते, मग शेवटी हळू झालं तरी चालते. आणि आदल्या दिवशी, सकाळी काय खाऊ?"

पोरी, आधी दोन तासांचं बोलू. हाफ म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. ती दोन तासांत संपवायची तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत काढावा लागतो. तुझा दहा किलोमीटरचा वेग किलोमीटरला ६ मिनिटे १२ सेकंद आहे. जे अंतर तू जीव लावून धावलीस, त्याच्या दुप्पट अंतर त्याहून अर्धा मिनिट वेगाने धावणं तीन आठवड्यांत कुणाच्याच पायांत येत नाही. या वेळी दोन तास बाजूला ठेव.

मग आकडा कोणता धरायचा? पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं, बरीच अ‍ॅप आजही तेच वापरतात. अंतर जितक्या पटीने वाढतं त्याहून वेळ थोडी जास्त पटीने वाढते, असा त्याचा गाभा. दहा किलोमीटरवरून हाफची वेळ काढायला सरळ २.२ ने गुणायचं. ६२ गुणिले २.२ म्हणजे १३६ मिनिटे, म्हणजे २ तास १६ मिनिटे. हेच सूत्र तुझ्या ८०० मीटरला लावलं तर १ तास ३९ मिनिटे येतात, आणि भरतीची मुलं फसतात ती इथेच. रीगलने ते साडेतीन मिनिटांहून छोट्या शर्यतींसाठी दिलेलंच नव्हतं. तीन मिनिटांच्या धावेत जो जोर लागतो तो दोन तासांच्या धावेत कामाला येत नाही. तरी तुझा वेग वाया गेला असं समजू नको. बीडचा अविनाश साबळे मुळात ३००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू. त्याने २०२० मध्ये दिल्लीत ६० मिनिटे ३० सेकंदांत हाफ धावून राष्ट्रीय विक्रम केला. वेग असलेल्या माणसाला अंतर शिकता येतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

पहिलीच शर्यत आहे आणि रस्ता अनोळखी, म्हणून मी दोन मिनिटे मागे धरते. तुझ्यासाठी २ तास १८ मिनिटे.

आता त्या "वेळ हातात राहते" वर येते, कारण तुझी शर्यत बिघडली तर यानेच बिघडेल. पहिले पाच किलोमीटर तुझ्या वेगाने, किलोमीटरला ६:३५ (६ मिनिटे ३५ सेकंद) ने, काढण्याऐवजी ५:५० ने काढलेस तर पावणेचार मिनिटे हाती लागतात. त्याच्या बदल्यात शेवटचे सहा किलोमीटर मोडले आणि चालत-धावत किलोमीटरला नऊ मिनिटांवर आलीस तर साडेचौदा मिनिटे जातात. मी स्वतः हा व्यवहार केलेला आहे. कॉलेजात ८०० आणि १५०० धावायची, त्याच तोऱ्यात पहिल्या हाफला उभी राहिले. पाच किलोमीटर २६ मिनिटांत, दहा ५४ मिनिटांत, आणि मनात दोन तासांच्या आतलं स्वप्न. चौदाव्या किलोमीटरला मांड्या दगड झाल्या. सोळानंतर मी एका पाणपोईपासून दुसरीपर्यंत चालत गेले, मधे जमेल तसं धावले. संपवली २ तास २४ मिनिटांत आणि दोन दिवस जिना उतरता आला नाही. पुढच्या वर्षी पहिले पाच किलोमीटर ३१ मिनिटांत काढले, मुद्दाम, दात आवळून, लोक पुढे जात असताना. संपवली २ तास ७ मिनिटांत. वर्षभरात सराव वाढला होता हे खरं, पण सतरा मिनिटांतली निम्म्याहून जास्त मिनिटे मला त्या पहिल्या पाच किलोमीटरनीच दिली असं मी आजही मानते.

याचं कारण शरीरात आहे. स्नायूंत आणि यकृतात साखर साठवलेली असते, तिला ग्लायकोजेन म्हणतात. सावकाश धावताना शरीर चरबीही बरीच जाळतं, वेग वाढवला की भार साखरेवर येतो आणि तो साठा शेवटी अपुरा पडतो. सुरुवातीला पाय ताजे असतात, भोवती गर्दी, ढोल, टाळ्या, त्यामुळे वेग जाणवतच नाही, श्वास दोन-तीन मिनिटे उशिरा हिशेब मागतो. ८०० मीटरमध्ये मागे राहिलं तर भरून काढायला जागा नसते, म्हणून शिट्टी वाजली की सुटायचं हे तुझ्या अंगात भिनलेलं आहे. भरतीसाठी ते बरोबर होतं. पण इथे तीच सवय मोडायची आहे, आणि तीन आठवड्यांत करण्यासारखं सगळ्यात मोठं काम मला हेच दिसतं.

तुझी शर्यत मी अशी मांडते. पहिले तीन किलोमीटर ६:४५ ने. हे इतकं हळू वाटेल की लाज वाटेल, तरी धावायचं. चौथ्यापासून सोळाव्यापर्यंत ६:३५. म्हणजे पाचची पाटी ३३ मिनिटे २५ सेकंदांना, दहाची १ तास ६ मिनिटे २० सेकंदांना, पंधराची १ तास ३९ मिनिटे १५ सेकंदांना आणि सोळाची १ तास ४५ मिनिटे ५० सेकंदांना दिसली पाहिजे. तिथून जे उरलं असेल ते लाव. ६:२५ ने आलीस तर २ तास साडेअठरा मिनिटे, ६:१५ निघाले तर पावणेअठराच्या आसपास. हे चार आकडे कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून मनगटाला लाव, घामात डोक्यात हिशेब होत नाही.

जीपीएसचं घड्याळ नसेल तर घेऊ नको, साधं स्टॉपवॉचवालं घड्याळ पुरतं. उलट घड्याळ असलेल्यांचा एक घोळ होतो. मार्ग मोजतात तो वळणांवरच्या सगळ्यात जवळच्या रेषेने, आणि गर्दीत आपण तसे धावत नाही. त्यामुळे घड्याळात २१.१ भरतात तेव्हा समोर अजून दोन-तीनशे मीटर उरलेले असतात. पाट्यांवर विश्वास ठेव.

वेग अंगात बसवायला आपल्याकडे चांगली सोय आहे, रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड. राज्य मार्गावरचे हिरव्या डोक्याचे, राष्ट्रीय महामार्गावरचे पिवळ्या डोक्याचे. आठवड्यातून एकदा थोडं अंग गरम करून तीन दगड धाव, मनात ६:३५ धरून, मधे घड्याळ न पाहता. प्रत्येक दगडापाशीच पाहायचं. पहिल्या दिवशी तू सहाच्या आत येशील, मी पैजेवर सांगते. तिसऱ्या वेळेपर्यंत पाच सेकंदांच्या फरकाने दगड लागायला लागला की समज, अर्धी तयारी झाली. घड्याळाशिवायची खूण म्हणजे बोलणं. सोळा किलोमीटरपर्यंत चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटायला लागला की वेग जास्त झाला.

पण वाहनांकडे तोंड करून धाव. जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या पहाटे अंदाज देत नाहीत. आणि तुझं गाव टिपेश्वरच्या किंवा दुसऱ्या जंगलाच्या बाजूला असेल तर झुंजूमुंजू होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. वाघाचं सोड, तुरीतून निघालेलं रानडुक्करसुद्धा पुरे असतं. अर्धा तास उशिरा धावल्याने काही बिघडत नाही.

पांदण रस्त्यावर धावून तुझे घोटे मजबूत झाले असतील. नागपुरात मात्र बरेच रस्ते सिमेंटचे आहेत, आणि सिमेंट पिंढऱ्यांना आणि नडगीला मातीसारखं सोसत नाही. या तीन आठवड्यांत निदान दोन धावा डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर कर. उड्डाणपूल लागला तर चढावर घड्याळ विसर, श्वास तोच ठेव, पावलं छोटी कर. उतारावर आपोआप भरून निघतं.

या रविवारी १७-१८ किलोमीटर सावकाश, किलोमीटरला सात मिनिटांनी. पुढच्या रविवारी बारा. शेवटच्या आठवड्यात तीन छोट्या धावा, त्यातल्या बुधवारच्या धावेत तीन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. अंतर कमी करायचं, वेग नाही. या दिवसांत वाटेल की तयारी कमी पडली, शनिवारी एकदा पंधरा करून पाहावेत. करू नको. दहा दिवसांत कमावलेलं काही शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा तेवढा राहतो.

शहरातल्या धावपटूंसाठी लिहिलेल्या वेळापत्रकांत एक गोष्ट नसते, ती म्हणजे वावरातलं काम. दिवसभर वाकून कापूस वेचणं हाही पायांवरचा भार आहे, मांडीच्या मागच्या शिरा आणि कंबर त्यात आखडतात. रात्री लाइन आली म्हणून ओलिताला जागणंही त्यातच आलं. शर्यतीआधी तीन दिवस वेचा बंद ठेवता आला तर उत्तम. मजुरी बुडते, हे मला माहीत आहे, म्हणून हट्ट धरत नाही. नाहीच जमलं तर गुरुवारी अर्धा दिवस कर, शुक्रवार-शनिवार मात्र सोड, आणि त्या रात्रींचं ओलीत भावाला सांग. शनिवारी रात्री नव्या जागी झोप लागत नाही, कुणालाच नाही. शुक्रवारची झोप खरी कामाची असते, ती पूर्ण घे.

आता रक्ताचं, आणि हे मी प्रत्येक मुलीला सांगते. या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपास. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. दहा असताना तू कितीही जिद्दीने धावलीस तरी स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवायला रक्तच कमी पडतं, आणि आपण समजतो आपल्यात दम नाही. तीन आठवड्यांत ते भरून येत नाही, पण आकडा कमी निघाला तर वेळेचं सोडून फक्त पूर्ण करायला जायचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत किंवा जेवणानंतरच्या चहाला लागून घ्यायच्या नाहीत, चहाने लोह अंगी लागत नाही.

त्याच वेळी सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणीही करून घे. विदर्भात हा आजार बऱ्याच समाजांत आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यत नाही. नुसती वाहक असशील, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो गुण आला असेल, तर धावता येतं, वाहकाला एरवी काही त्रासही नसतो. पण ऊन, अंगातलं पाणी कमी आणि जिवापलीकडचा जोर हे तिन्ही एकत्र आले तर वाहकही कोसळल्याची उदाहरणं आहेत. म्हणून वाहकाने सावकाश सुरू करायचं, पाणी चुकवायचं नाही, आणि पाय दुखून एकदम लुळे पडल्यासारखे वाटले तर त्याच क्षणी थांबायचं.

खाण्याचा विचार शुक्रवारपासून कर. भात, पोळी, भाकरी, बटाटा नेहमीपेक्षा थोडं जास्त, तेल-तिखट कमी. या दिवसांत वावरात रोडग्यांच्या पार्ट्या असतात, कुठे हुरडा, कुठे पंगत. शुक्रवार-शनिवार त्यांना जायचं नाही. रोडगे आणि वांग्याची भाजी पोटात दुसऱ्या दिवशीपर्यंत बसून राहते. मोड आलेली उसळ, हरभरा, कच्चा कांदा शनिवारी टाळ. नागपूरला ज्यांच्याकडे उतरशील त्यांना आधीच सांग, नाहीतर प्रेमाने तर्री पोहे आणि सावजी रस्सा पुढे येतो आणि मग नाही म्हणता येत नाही. शनिवारी रात्री साडेसातपर्यंत मुगाची खिचडी किंवा वरण-भात, थोडं तूप, बस.

हाफ बहुतेक पहाटे सहाच्या आसपास सुटते. म्हणजे चारला खायचं. उपाशी धावू नको, दोन तासांहून जास्त वेळ आहे. घरून दोन गूळ-पोळ्या बांधून ने, एक खा, सोबत एक केळ. चहा रोज घेत असशील तर कोरा घे, दूध नको. हे सगळं या दोन रविवारच्या धावांआधी खाऊन पाहा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही.

धावताना पहिल्यांदा ४५ मिनिटांनी आणि मग सुरुवातीपासून सव्वा तास झाला की काही गोड लागतं. धावपटू खातात त्या दुकानातल्या एनर्जी जेलच्या एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास तेवढीच २५ ग्रॅम गुळात मिळतात. गुळाचे छोटे खडे प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून खिशात ठेव, एकेक खडा तोंडात विरघळव आणि वर दोन घोट पाणी. चिक्की नको, धावता धावता दाणे श्वासात जातात. पाणी प्रत्येक पाणपोईवर दोन-चार घोट. गटागट प्यायचं नाही, जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि उलट्या, गरगरणं सुरू होतं, कधी जिवावरही बेततं. ओआरएस घेतलंस तर एका लिटरची पुडी एका लिटरमध्येच, पेल्यात नाही.

पाळी त्या दिवशी आली तर धावता येतं, मी धावले आहे. पॅड लाव, एक जास्तीचं पिशवीत ठेव. पाळी लांबवायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नको. दुखण्याची गोळीही आधी घेऊन उभं राहायचं नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा घाम गाळलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखणं दाबल्यामुळे इजा कळत नाही.

बूट जुनेच, निदान पन्नास किलोमीटर धावलेले. नखं बुधवारी काप. सुती बनियन घामाने जड होते आणि काचते, तालुक्याच्या बाजारात मिळणारी कबड्डीची जर्सी चालते. फुल ट्रॅकपँट घालून धावायचं असेल तर खुशाल घाल, वेळेत फरक पडत नाही. स्पोर्ट्स ब्रा मात्र सोळा किलोमीटरच्या धावेला वापरलेलीच हवी. तिच्या पट्ट्याखाली, काखेत आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन लाव, सोललं की दहा किलोमीटरनंतर मिठासारखं झोंबतं.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीच मिळतो, रविवारी सकाळी देत नाहीत. शनिवारी पहिली एसटी पकड, आधार कार्ड घे. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे घरच्यांपैकी एखादी बाई सोबत आली तर भार पडत नाही, आणि पिशवी सांभाळायलाही कुणी होतं. पहाटे पाचला ऑटो मिळेल या भरवशावर राहू नको, रात्रीच ठरव.

मैदानावर स्टेजवर झुंबा चालू असतो. त्यात नाचून पाय थकवायचे नाहीत. संडासची रांग मोठी असते, पोहोचताच आधी तिकडे. पहाटे चांगलीच थंडी असते, जुनं स्वेटर घालून जा आणि सुटायच्या आधी सोबतीणीकडे दे. हीच थंडी पहिल्या दीड तासात आपली मदत करते, आठच्या उन्हात ती संपते. आठ मिनिटे हलकं धावणं, दोन-तीनदा साठ मीटर थोडा वेग, एवढं अंग गरम करणं पुरे. ८०० साठी करतेस तेवढं करू नको.

उभी मागे राहा. वेळ मोजणारी चिप बिबमध्ये असते, तू रेषेवरची चटई ओलांडतेस तेव्हाच तुझी वेळ सुरू होते, मागे राहिल्याने एक सेकंदही जात नाही. पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेचा झेंडा घेऊन त्याच वेगाने धावणारे, असतील तर २:२० चा झेंडा शोध आणि दहापर्यंत त्याला डोळ्यांपुढे ठेव. तोच पुढे पळायला लागला तर सोडून दे, आपल्या पट्टीवरचे आकडे खरे.

सोळाच्या पाटीनंतर तुझी ८०० ची ताकद कामाला येईल. पुढच्या एका माणसावर नजर ठेव, त्याच्यापर्यंत जा, मग पुढचा. सतरा-अठराला मन म्हणेल थोडं चालू. चालायचंच तर पाणपोईवर तीस पावलं मोजून चाल आणि पुन्हा सुरू हो. वीसची पाटी दिसली की उरले अकराशे मीटर, तुझ्या ग्राउंडचे तुला माहीत असलेले फेरे. तेव्हा सोड.

रेषा ओलांडून एकदम बसू नको, दहा मिनिटे चाल, कोरडे कपडे घाल, केळ आणि मीठ-साखरेचं पाणी घे. परतीची बस तीन-चार तासांची आहे. प्रत्येक थांब्यावर उतरून चार पावलं चाल, नाहीतर पिंढऱ्या गोठतात. सोमवारी वेचायला जाऊ नको. निकाल लागला की ५, १०, १५ च्या वेळा मला लिहून पाठव. शेवटचा आकडा नंतर सांगितलास तरी चालेल, मला आधी पाच किलोमीटरचा पाहायचा आहे.